महिपतराव जगदाळ्यांची पोटात घ्यायची गोळी

महिपतराव जगदाळे सचिवालयातल्या एका खात्यात दफ्तरी होते. खात्याचे कागद लाल फडक्यात बांधून त्यांचे बस्ते करायचे, बस्ते मांडणीवर लावायचे आणि साहेबाने मागितला तो बस्ता साहेबाचा आवाज चढण्याआधी टेबलावर ठेवायचा, हे त्यांचं काम. आजोबा शिंद्यांच्या घोडदळात होते, वडील पलटणीतले पहिलवान. स्वतः महिपतराव संस्थानी फौजेत खेचरांवर होते. १९४८ साली संस्थानं मिळून मध्य भारत झाला आणि फौजेची वाटणी झाली. खेचरं हिंदी फौजेत गेली, महिपतराव सचिवालयात. खेचरांची त्या वेळी वैद्यकीय तपासणी झाली होती. महिपतरावांची झाली नाही.

झाली असती तर ही सगळी हकिकत आठ वर्षं आधी घडली असती.

मध्य भारताला राजधान्या दोन होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापलं की खातं बोचकं बांधून इंदूरला जायचं आणि हवा निवली की परत यायचं. बाबू लोक या फेऱ्यांना शिव्या देत. महिपतराव मात्र निघायच्या महिन्यात ताठ चालू लागत. बस्ते रेल्वेच्या डब्यात कसे रचायचे याचं त्यांचं शास्त्र खेचरांच्या पाठीवर तयार झालेलं होतं: जड खाली, हलकं वर, दोन्ही बाजू तोलून, आणि जे आधी लागणार ते दाराशी. इंदूरला पोचल्यावर त्यांची मांडणी पहिल्या दिवशी उभी राहायची. बाकी खात्यांचे बस्ते पावसाळ्यापर्यंत व्हरांड्यात.

आता दुखणं. पस्तिशीच्या सुमारास त्यांच्या छातीवर, पाठीवर आणि मांड्यांवर मसुरीच्या डाळीएवढे तपकिरी डाग उठले. नुसते असते तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण डाग घासला गेला की जागच्या जागी फुगायचा, लाल व्हायचा आणि अशी खाज सुटायची की महिपतराव दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. घासलं की आणखी डाग फुगायचे. घरात याला पित्त म्हणत.

घर ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. घरात पत्नी लीलाताई आणि थोरली बहीण मंदाताई. मंदाताई लवकर विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि वडिलांकडून मालीश शिकल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याची ओलीत कीर्ती होती. मुरगळलेले घोटे, अवघडलेल्या माना, नुकती जन्मलेली बाळं, सगळं त्यांच्याकडे यायचं. पहिलवानाच्या घरात एकच वैद्यकशास्त्र असतं: अंगात जे काही आहे ते चोळून बाहेर काढता येतं. भावाच्या पित्तावर त्या आधी आमसुलाचं पाणी चोळत. ते लागू पडलं नाही की गेरू चोळून घोंगडी पांघरायला लावत. त्यानेही भागलं नाही की तिळाचं तेल.

"ताई, जळतंय गं."

"जळणारच. निघतंय ना ते."

"निघत कुठंय? वाढतंय!"

"निघताना आधी वाढतं. अप्पांनी अख्ख्या पलटणीचं अंग मोडलं, त्यांना कळत नव्हतं? पालथा हो."

इंदूरला मात्र महिपतरावांचं अंग शांत असायचं. डाग असत, पण फुगत नसत. यावरून घराने निष्कर्ष काढला की ग्वाल्हेरचं पाणी त्यांना बाधतं. इंदूरला मंदाताई नसत, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

१९५६ साली राज्यांची फेररचना ठरली. मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात जाणार, राजधानी भोपाळला, आणि खात्याने या खेपेला परत न येण्यासाठी निघायचं, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर. लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या ज्या भागात मराठी वस्ती दाटीने राहते तिथं, एकाएकी रोगराई पसरली. कुणाला दमा झाला, कुणाला चक्कर येऊ लागली. खात्याचे सुपरिंटेंडेंट तात्यासाहेब गर्दे सकाळी गुरुवाराच्या गाण्याच्या बैठकीची सुपारी देऊन आले आणि दुपारी त्यांना जिना चढवेना.

"भोपाळ म्हणजे सगळा चढउतार हो," ते सांगत. "माझे गुडघे सपाटीचे आहेत."

आजारपणाचे इतके अर्ज आले की वरून हुकूम निघाला: सगळ्यांचीच तपासणी होईल. जो पास तो भोपाळला. जो नापास तो ग्वाल्हेरमध्ये उरेल त्या कचेरीत.

महिपतरावांना भोपाळला जायचं होतं. यात त्यागबिग काही नव्हता. बस्ते जाणार आणि आपण मागं राहणार, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. शिवाय नव्या राजधानीत पाच ठिकाणचे दफ्तरी येणार आणि आपले बस्ते कुणीतरी नागपूरवाला रचणार, या विचाराने त्यांची भाकरी कमी झाली होती. त्यांना भीती एकच होती, डागांची. डाग बघून डॉक्टरने महारोग म्हटला तर भोपाळ राहिलं बाजूला, ओलीतल्या नळावर पाणीही भरू दिलं नसतं.

"घाबरतोस काय?" मंदाताई म्हणाल्या. "डॉक्टरसमोर अंग कसं चकचकीत दिसलं पाहिजे. मी आहे ना."

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी भावाला असं चोळलं की शेजारच्या घरातून विचारणा झाली. वरून कढत पाण्याची अंघोळ. महिपतराव कोट घालून निघाले तेव्हा कोटाच्या आत त्यांचं अंग शिजत होतं.

तपासणी करणारे डॉक्टर शरच्चंद्र टेंबे त्वचारोगांचे जाणकार होते. मुंबईहून शिकून आले होते आणि त्या आठवड्यापर्यंत माणसांबद्दल त्यांचं मत बरं होतं. त्या आठवड्यात त्यांनी इतके बिब्बे पाहिले की ते बिघडलं. बिब्ब्याचं तेल कातडीवर लावलं की फोड येतात, ही युक्ती लष्करात जुनी आहे. लढाईवर जायचं नसेल तेव्हा पूर्वज ती वापरत. महिपतराव आत गेले तेव्हा तात्यासाहेब गर्दे कोटाची बटणं लावत होते.

"गर्देसाहेब, गुडघे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पोटावरच्या बिब्ब्याला खोबरेल लावा, आठवड्यात जाईल. पास."

तात्यासाहेब महिपतरावांकडे न बघता बाहेर गेले. महिपतरावांनी सदरा काढला. छाती, पाठ, दंड, सगळं लाल, फुगलेलं, बोराएवढ्या गांधींनी भरलेलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "शाबास. सगळ्यांनी एकेक बिब्बा लावला, तुम्ही गोणी आणलीत?"

"नाही साहेब. बिब्बा नाही. पित्त आहे."

"पित्त! आणि यामुळे भोपाळला जाववत नाही, बरोबर?"

"नाही साहेब. मला जायचंय. मला पास करा."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. गेल्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"परत म्हणा."

"पास करा साहेब. अंग लाल आहे ते मालिशीनं. बहिणीनं आपल्यासाठी चकचकीत करून पाठवलंय."

मग डॉक्टरांनी नीट पाहिलं. पोटरीवर मंदाताईंचा हात पोचला नव्हता, तिथं दोनचार तपकिरी डाग निवांत बसले होते. त्यांनी लेखणीचं टोपण उलटं धरून एका डागावर दोनतीनदा ओढलं आणि शेजारच्या कोऱ्या कातडीवरही तितकंच ओढलं. थोड्या वेळात डाग उठून बसला. कोरी कातडी कोरीच राहिली. डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी हे पुस्तकात वाचलं होतं आणि मुंबईत एकदा दुरून, इतर विद्यार्थ्यांच्या डोक्यांवरून पाहिलं होतं.

"हे पित्त नाही. महारोग तर बिलकुल नाही. याला अर्टिकॅरिया पिग्मेंटोसा म्हणतात. फार थोड्या लोकांना होतो."

"मतलब मोठा आहे?"

"दुर्मीळ आहे. मोठा नाही."

महिपतरावांना दुर्मीळ शब्द आवडला. आपल्या घराण्यात असं काही निघावं, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कातडीत मास्ट नावाच्या पेशी सगळ्यांनाच असतात. त्यांच्यात एक झोंबरं रसायन साठवलेलं असतं. महिपतरावांच्या डागांमध्ये या पेशींची नको इतकी गर्दी झाली आहे. घासलं, तापवलं, तिखट खाल्लं, की त्या फुटतात, रसायन बाहेर सांडतं आणि गांधी उठतात.

"समजा, तुमच्या प्रत्येक बस्त्यात मिरचीपूड भरली आहे. तर बस्ता झटकायचा का?"

"छे छे साहेब! हातसुद्धा लावायचा नाही."

"आणि तुमची बहीण?"

पुष्कळ वर्षं एकाच वेळी महिपतरावांच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

औषध म्हणजे एक पांढरी गोळी. रसायन सांडलं तरी कातडीत त्याला दाद मिळू देत नाही अशी. डाग जाणार नाहीत, पण सूज आणि खाज आटोक्यात राहील. इंदरगंजमधल्या औषधवाल्याकडे मिळते. गोळीने झोप येते, म्हणून ती फक्त रात्री जेवणानंतर घ्यायची. पुढच्या आठवड्यात अंग शांत दिसलं तर डॉक्टर पास करणार. नाही दिसलं तर भोपाळ विसरायचं.

घरी मंदाताईंनी बाटली उजेडात धरली.

"पोटात घ्यायची?"

"हो. डॉक्टर म्हणाले."

"दुखणं कातडीवर आणि औषध पोटात? उद्या पायात काटा गेला तर काय चहातून सुई देणार आहेत?"

"वन्सं, डॉक्टर मुंबईचे आहेत," लीलाताई चुलीपाशी बसून म्हणाल्या.

"म्हणूनच. औषध चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. वापरायची अक्कल हवी."

महिपतरावांनी चोळू नका असंही सांगून पाहिलं. पण तेल कोमट होतं, पाट मांडलेला होता, आणि मंदाताईंनी गोळ्या खलबत्त्यात घातल्या होत्या. पलटणीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पालथा हो म्हटलं की पालथं होता येतं, वाद घालता येत नाही. आठवडाभर रोज सकाळी मुंबईचं औषध तिळाच्या तेलातून त्यांच्या पाठीवर चढलं. मंदाताईंनी जोर दुप्पट लावला, कारण औषध महागाचं होतं आणि वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला सदरा निघाला तेव्हा डॉक्टर उठून खिडकीपाशीच गेले.

"गोळ्या घेतल्या नाहीत?"

"संपवल्या साहेब. सगळ्या."

"रोज?"

"रोज. खाडा नाही."

"मग झोप येत होती?"

"नाही साहेब. मालिशीत कसली झोप?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "मालिशीत?"

"तेलातून दिल्या ना ताईनं."

डॉक्टर टेंबे हसणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "उद्या बहिणीला घेऊन या."

मंदाताई आल्या त्या करड्या नऊवारीत, कमरेला पदर खोचून, कुस्तीच्या सामन्याला आल्यासारख्या. नमस्कार झाले.

"तुमच्या अंगठ्याबद्दल ऐकलंय," डॉक्टर म्हणाले.

"सारी ओली सांगेल. आमचे अप्पा पलटणीचे मालीशवाले."

"मग मला एक दाखवा. या पोटरीवरच्या डागावर एकदा अंगठा फिरवा. बेताने. आणि इथं, डाग नाही तिथं, एकदा. तेल नाही, औषध नाही, नुसता अंगठा."

मंदाताईंनी फिरवला. तिघंही पोटरीकडे बघत बसले. डाग हळूहळू फुगला, लाल झाला, पोळीसारखा वर आला. शेजारी काही नाही. मंदाताईंनी दुसरा डाग निवडला. तोही आला. तिसऱ्याला महिपतरावांनी पाय ओढून घेतला.

"ताई, बस ना आता!"

"तुमच्या खोलीत गरमा फार आहे," मंदाताई डॉक्टरांना म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी अंगठा पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी इथं शहाणपणा केला. दोष दिला असता तर बाईंनी उरलेलं आयुष्य तो खोडून काढण्यात, म्हणजे भावाला चोळण्यात, घालवलं असतं. ते म्हणाले, "मंदाताई, हा माणूस स्वतःहून पथ्य पाळणार नाही. कुणीतरी कडक माणूस हवं. गोळी पाण्याबरोबर पोटात गेली की नाही ते तोंड उघडून बघायचं. आणि याच्या अंगाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. जमेल?"

"माझ्याशिवाय कुणाला जमणार?" मंदाताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दाना ओलीत महिपतरावांना हात लावणं बंद झालं. मंदाताईंनी त्यांचा जाड पंचा काढून घेतला आणि जुन्या साडीचं मऊ फडकं दिलं, तेही टिपायला. कढत पाणी बंद, हिरवी मिरची बंद. दसऱ्याचं सोनं द्यायला लोक आले तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या: "सोनं हातात द्या, गळाभेट नको. पेशी फुटतात." लीलाताईंनी एकदा नवऱ्याच्या खांद्यावरची मुंगी झटकली.

"लीला! फुंकर मारायची."

"वन्सं, मुंगी होती."

"मुंगीनं इतकं केलं नसतं."

रोज रात्री जेवणानंतर महिपतराव जबडा उघडून बहिणीसमोर उभे राहत आणि थोड्याच वेळात आडवे होत. तिसऱ्या तपासणीत डाग होते तसे होते, तपकिरी, सपाट, गप्प. डॉक्टरांनी पास केलं.

इथं हकिकत संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांचा निकाल खात्यात तात्यासाहेब गर्द्यांच्या टेबलावरून जाणार होता. पोटावरचा बिब्बा अजून चुरचुरत असताना, आपण मागितला तो नापास हा दफ्तरी हातात असून फेकून देतो, हे तात्यासाहेबांना सहन झालं नाही. त्यांनी शेरा मारला: औषधोपचार चालू असल्याने पुढील हुकूम होईतो ग्वाल्हेरमध्येच ठेवावे.

"महिपतराव, तुमच्या भल्यासाठीच," ते म्हणाले. "बस्ते डब्यात चढवून द्या. उतरवायला तिकडे माणसं आहेत."

"कोण माणसं, साहेब?"

"असतील कुणीतरी. नवं राज्य आहे, माणसांना काय तोटा?"

महिपतराव घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण अर्धं टाकलं. मंदाताईंनी गोळी दिली, जबडा तपासला आणि उरलेलं जेवण झाकून ठेवलं.

बस्ते चढवायच्या दिवशी ऊन होतं. उन्हात घाम येणार, घामाने अंग तापणार, तापलं की पेशी फुटणार, हा हिशेब मंदाताईंनी सकाळीच केला आणि डॉक्टरांनी रात्रीची सांगितलेली गोळी भावाला न्याहारीबरोबर दिली. वर एक आणखी, दुपारसाठी म्हणून. "आ कर. जीभ वर. हं, जा."

स्टेशनवर महिपतरावांनी हमालांकडून मालडबा असा भरून घेतला की पुढे कुणी त्याचा फोटो काढायला हवा होता. जड खाली, हलकं वर. शेवटची रांग डब्याच्या पार आतल्या कोपऱ्यात एका बाजूला झुकल्यासारखी वाटली, म्हणून ते हमाल गेल्यावर पुन्हा आत चढले, पाणी प्यायला सुरई आणि लीलाताईंनी दिलेला पोळ्यांचा डबा घेऊन. रांग सरळ केली. तिच्याआड सावली होती. एका मऊ, जुन्या, महसुलाच्या बस्त्यावर ते जरा टेकले.

दुपारी तात्यासाहेब डबा बंद करायला आले. आत नजर टाकून, सगळं ठीक आहे ना म्हणून हाक मारून मग दार लावायचं, असा नियम होता. पण बस्त्यांची धूळ त्यांना सोसत नसे आणि बैठकीची वेळ होत आली होती. नाकाला रुमाल लावून त्यांनी दार ओढायला सांगितलं आणि शिशाचं सील स्वतःच्या हाताने ठोकलं. डबा गाडीला जोडला गेला.

दिवेलागणीला मंदाताई तात्यासाहेबांच्या बैठकीत शिरल्या. गवई थांबले.

"माझा भाऊ कुठं ठेवलात?"

"अहो मंदाताई, मी काय ठेवणार? घरी गेले असतील."

"घरी असता तर मी इथं काय ख्याल ऐकायला आले असते? कुणी हात लावला असेल त्याला! कुठंतरी फुगून पडला असेल!"

मंडळी शोधायला निघाली. डब्याची आठवण तात्यासाहेबांना जरा उशिरा झाली, आणि झाली तेव्हा त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

महिपतराव वाटेतल्या बीना जंक्शनच्या अलीकडे कुठंतरी जागे झाले. अंधार होता, चाकं वाजत होती. आरडाओरड करावी असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी पोळ्या खाल्ल्या, पाणी पिऊन रांगा धक्क्याने सरकल्या नाहीत ना ते हाताने चाचपून पाहिलं आणि पुन्हा झोपले. सकाळी भोपाळला सील तोडून दार उघडलं तेव्हा आत उजेडाकडे तोंड करून एक गृहस्थ कोट झटकत उभे होते. माल उतरवून घेणाऱ्या बाबूने पावतीवर लिहिलं: बस्ते पूर्ण, अधिक एक इसम.

इसमाचं काय करायचं ते कुणाला ठरवता येईना. परत पाठवायचा तर हुकूम मध्य भारताचा हवा की मध्य प्रदेशाचा? एक राज्य चारपाच दिवसांत बंद होणार होतं, दुसरं अजून सुरू झालं नव्हतं. घरी मात्र त्याच दुपारी तार गेली. मंदाताईंनी ती दोनदा वाचून घेतली आणि राहिलेल्या गोळ्या पार्सलने पाठवल्या.

तात्यासाहेब दिवाळी उरकून सहकुटुंब भोपाळला आले. खात्याच्या दाराशी महिपतराव दिसले, तसे ते थबकले.

"तुम्ही? तुम्हाला तर ग्वाल्हेरला थांबायला सांगितलं होतं."

"थांबलोच होतो साहेब. डब्यात."

"मग हाका मारायच्या! दार ठोकायचं!"

"सरकारी सील होतं साहेब. आपल्या हातचं."

तेवढ्यात नवे साहेब बाहेर आले. नागपूरकडचे होते, घाईत होते. "गर्दे, हा माणूस तुमचाच ना? यादीत याचं नाव नाही. परत पाठवायचा असेल तर तो इथं कसा आला ते सविस्तर लिहून द्या, मी वर पाठवतो."

तात्यासाहेबांनी महिपतरावांकडे पाहिलं. महिपतराव समोर बघत होते, फौजेत उभं राहतात तसे.

"लिहायचं काय त्यात, साहेब," तात्यासाहेब म्हणाले. "नाव घालायचं राहून गेलंय. द्या इकडे यादी."

त्यांनी नाव घातलं. आतून महिपतरावांचा आवाज येऊ लागला होता. कुणीतरी जड बस्ते वरच्या फळीवर चढवले होते.